दार उघडे, उंबरठा उंच

बदलीच्या गावी पहिल्या दिवशी येणारा अनुभव आपणां सर्वांस ठाऊक आहे. दार सताड उघडे असते; पण आतून कोणी ‘या, बसा’ म्हणेपर्यंत आपण परकेच. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व सुधारता येते अशा सॉफ्टवेअरचे, नेमके असेच आहे.

आमच्या या बंगळुरात २००१ साली लिनक्सप्रेमींचे संमेलन सुरू झाले. पुढे ‘फॉस डॉट इन’ या नावाने ते शेवटचे २०१२ साली भरले. त्याचे एक प्रमुख चालक, बेळगावात शिकलेले कै. अतुल चिटणीस यांचा आग्रह असे की, भारतीयांनी आयते वापरून थांबू नये, स्वतः भर घालावी. आग्रह रास्तच होता. परंतु त्याचा आधार घेऊन ‘आपली माणसे घेतात, देत नाहीत’ असा शिक्का मारणे हा अर्धसत्याचा विपर्यास होय. देणाऱ्याचा हात झिडकारला गेला, तर दोष कोणाचा? लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीच २०१८ साली आपल्या जहाल भाषेबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. यजमानच जे कबूल करतो, ते त्याच्या भाटांनी का नाकारावे?

यावर कोणी २०२४ सालचे ‘एक्सझेड’ प्रकरण पुढे करील. टोपणनावाने आलेल्या एका परक्याने सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास संपादला आणि अखेर त्या आज्ञावलीत चोरवाट ठेवली. खरे आहे. पण ते घर एकटा, थकलेला मनुष्य सांभाळीत होता, हेही तितकेच खरे. यावर उपाय दार लावणे हा नव्हे; राखणदार वाढवणे हा आहे. आणि नवे राखणदार बाहेरूनच यावयाचे!

हा प्रश्न आपल्या टेबलापासून दूर नाही. शासकीय आज्ञावल्या खुल्या करण्याचे धोरण केंद्र शासनाने २०१५ सालीच जाहीर केले आहे. उद्या एखादा विद्यार्थी त्यातील चूक दुरुस्त करून पाठवील. ती वाचून त्याला ‘स्वीकारली’ अथवा ‘नाकारली, कारण असे’ एवढे उत्तर देणे हे कोणाचे काम, हे आपल्या कचेरीत ठरले आहे काय? ठरले नसेल, तर आपण खुले केले ते दार नव्हे, दाराचे चित्र!