रिपोर्ट आधी कोण वाचतं?

आईला किंवा वडिलांना कॅन्सर झाला, तर घरातल्या वयात आलेल्या मुलांना किती सांगायचं? यावर इंटरनेटवर इंग्रजीत भरपूर मजकूर आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने अशा मुलांसाठी स्वतंत्र पुस्तिका काढली आहे. ऑस्ट्रेलियातली 'कॅन्टीन' ही संस्था १२ ते २५ वयोगटासाठी काम करते आणि आईवडिलांपैकी कुणाला कॅन्सर असलेल्या मुलांनाही आधार देते. सल्ला सगळीकडे साधारण सारखाच असतो: लवकर सांगा, आजाराचं नाव घेऊन सांगा, खोटा दिलासा देऊ नका.

सल्ला रास्त आहे. पण माहिती आधी आईवडिलांकडे असते आणि मग ती मुलांपर्यंत जाते, असं त्यात धरून चाललेलं असतं. आपल्याकडे कित्येक घरांत उलटं घडतं. बायॉप्सीचा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि त्याची पीडीएफ येते ती कॉलेजातल्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण लॅबमध्ये नंबर त्याचाच दिलेला असतो. त्यात 'ग्रेड ३' असं छापलेलं असतं. तो ते 'तिसरी स्टेज' समजून शोधत बसतो आणि मध्यरात्री टक्केवारीच्या तक्त्यापाशी येऊन ठेपतो. वास्तविक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात, ते ग्रेड सांगते. आजार कुठवर पोचलाय, ते स्टेज सांगते. ग्रेड ३ची गाठ पहिल्या स्टेजलाही सापडू शकते. शिवाय तक्त्यातली पाच वर्षं जगण्याची टक्केवारी पूर्वी उपचार घेतलेल्या पुष्कळ रुग्णांवरून काढलेली असते. त्याच्या आईचं काय होणार, हे त्यातून कळत नाही. पण हे समजावणारं त्या वेळी शेजारी कुणी नसतं. सकाळी आईने विचारलं की तो म्हणतो, "काही नाही गं, साधं आहे." आईवडिलांनी मुलांपासून लपवायचं की नाही यावर आपण वाद घालतो, आणि इथे मुलगाच आईपासून लपवू लागलेला असतो.

न सांगण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. जानेवारीत निदान झालं, फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. "पेपर होऊ देत, मग सांगू," असं आत्या म्हणते तेव्हा त्यात काळजीच असते. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा आजार तरुण मुलाजवळ बोलायला आईला अवघड वाटत असेल, तर त्या संकोचालाही मान हवा. अडचण एवढीच की हे झाकून राहत नाही. बऱ्याच केमोंमध्ये दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. आणि "परळला टाटाला नेलंय" एवढं कानावर पडलं, की महाराष्ट्रातल्या मुलाला पुढचं वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून आमचा कल सांगण्याकडे आहे, पण सगळं एका दमात नको. आजाराचं नाव, उपचार किती महिने चालतील, घरातलं कोण काय बघणार, एवढं आधी सांगावं, परीक्षेतल्या मुलालाही. टक्केवारी त्याने विचारली तरच काढावी, तीही डॉक्टरांसमोर. "तू काय काय वाचलंस?" हे मात्र आपणहून विचारावं. गव्हांकुराचा रस आणि गोमूत्राचे व्हिडिओही त्याने तितक्याच आशेने पाहिलेले असतात. वीस वर्षांच्या मुलाला ओपीडीत सोबत जरूर न्यावं, पण वाईट बातमीचा दुभाषा करू नये. ते काम काकांनी, मावशीने किंवा रुग्णालयातल्या समाजसेवकाने करावं.

आनुवंशिक कॅन्सरचा प्रश्न याहून बिकट आहे. आईच्या तपासणीत बीआरसीए जनुकातला दोष सापडला, तर तो प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते. ही गोष्ट कायमची दडवणं योग्य नाही, कारण पुढच्या तपासण्या तिच्यावर अवलंबून असतात. पण पंधराव्या वर्षी ती सांगण्याची घाईही नको. या दोषासाठी अल्पवयीन मुलांची चाचणी सहसा करत नाहीत. अठरानंतर चाचणी करायची की नाही, हे मुलीने किंवा मुलाने स्वतः ठरवायचं. लग्न जमवायच्या धास्तीने आईवडिलांनी परस्पर नव्हे.