फिल्टरवरच्या छिद्रांवर बंदी हवी

संपादक महोदय,


आपल्या आरोग्य पुरवणीतील व्यसनमुक्तीवरच्या लेखात ‘अगदीच सुटत नसेल तर निदान फिल्टरची, कमी टारची सिगारेट ओढा’ असा सल्ला वाचला. लेखकाचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण असा सल्ला लाखो लोकांनी मानला आणि त्यांची फसगत झाली, म्हणून हे पत्र.

सिगारेटचा धूर विषारी आहे की नाही, हा वाद केव्हाच संपला. १९५३ साली विंडर, ग्रॅहॅम आणि क्रोनिंगर यांनी धुरातले टार उंदरांच्या कातडीवर लावून कर्करोग होतो हे दाखवले. १९९६ साली तर धुरातल्या बेंझोपायरीनपासून शरीरात तयार होणारे रसायन पेशीतल्या पी-५३ या जनुकाला नेमके कुठे चिकटते, हेही सापडले. फुफ्फुसाच्या कर्करोगात हे जनुक त्याच जागी बिघडलेले आढळते. आता प्रश्न एवढाच उरतो की हे विष फुफ्फुसात जाते किती, आणि घोळ इथेच घातला गेला आहे.

अनेक सिगारेटींच्या फिल्टरवरचा कागद उजेडासमोर धरला तर त्यावर बारीक छिद्रांची गोल रांग दिसते. झुरका घेताना या छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. टार मोजणारे यंत्र सिगारेट अगदी टोकाशी धरते, त्यामुळे छिद्रे उघडी राहतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६७ पासून वापरलेल्या पद्धतीत हे यंत्र मिनिटाला एकच झुरका घेई, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. असे कोण ओढतो? ओढणाऱ्याच्या मेंदूला ठरावीक निकोटीनची सवय झालेली असते. धूर फिका लागला की तो झुरका मोठा घेतो, लवकर लवकर घेतो, धूर आत खोल ओढतो. छिद्रे तर बोटांनी किंवा ओठांनी नकळत झाकलीच जातात. यंत्राच्या लेखी ‘कमी टार’ असलेली सिगारेट माणसाच्या फुफ्फुसात जवळजवळ नेहमीच्या सिगारेटइतकेच टार सोडते. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू तर फिल्टरच्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या तंतूंना जुमानतच नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली सगळा पुरावा तपासला. सिगारेटच्या रचनेत केलेल्या या बदलांनी आजार म्हणावे तसे कमी झाल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला मिळाला नाही. फेडरल ट्रेड कमिशननेही यंत्राच्या त्या आकड्यांची मान्यता २००८ साली मागे घेतली. त्याही पुढची गोष्ट गंभीर आहे. १९५० नंतर फुफ्फुसाच्या कडेच्या, खोलवरच्या भागात होणारा अ‍ॅडेनोकार्सिनोमा धूम्रपान करणाऱ्यांत वाढला. सिगारेटच्या बदललेल्या घडणीमुळे हा धोका वाढला, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने नि:संदिग्धपणे म्हटले. त्यात छिद्रांच्या फिल्टरचा वाटा किती, हे सिद्ध झाले नसले तरी पुरावा तिकडे बोट दाखवतो, असेही त्यात आहे. दिलासा म्हणून आलेल्या वस्तूवर असा संशय असताना ती बाजारात ठेवायची कशासाठी?

फिल्टरचा इतिहासही स्वच्छ नाही. केंट सिगारेटच्या ‘मायक्रोनाइट’ फिल्टरमध्ये १९५२ ते १९५६ या काळात निळे अ‍ॅस्बेस्टॉस होते. आरोग्याची काळजी घेणारा फिल्टर म्हणून त्याची जाहिरात होत असे. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या क्लॉड टीग या रसायनतज्ज्ञाने १९५३ साली, धूर लागताच रंग बदलेल असा फिल्टर बनवण्याची कल्पना मांडली होती. तपकिरी पडलेला कापूस पाहून ओढणाऱ्याला वाटावे की विष इथेच अडकले! हे वाचून मला अतिशय संताप आला.

आपल्याकडे २००३ च्या तंबाखू कायद्यातील कलम ७(५) मध्ये पाकिटावर टार आणि निकोटीनचे प्रमाण छापण्याची तरतूद आहे. ती रद्द करावी. आकडा छापला की गिऱ्हाईक लहान आकड्याचे पाकीट उचलणार आणि सिगारेट सोडण्याचा विचार पुढे ढकलणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या तंबाखू करारात भारत २००४ पासून सामील आहे, त्याची मार्गदर्शक तत्त्वेही असे आकडे पाकिटावर नकोत असेच सांगतात.

दुसरी मागणी छिद्रांबाबत. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्राने २०२० साली बंदी घातली, हे योग्यच झाले. पानटपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकिटावरचा इशारा पडत नाही. त्याला दिसतो तो फक्त पांढरा फिल्टर. मग जसा विक्रीवर, तसा त्या फिल्टरच्या घडणीवरही नियम हवा. छिद्रे पाडलेला फिल्टर वापरण्यास केंद्र सरकारने सरळ मनाई करावी.

यंत्रावर टारचा आकडा वाढेल, असा आक्षेप कंपन्या घेतील. खुशाल वाढू दे. यंत्राला कर्करोग होत नाही. छिद्रे गेली की धूर घशाला लागेल, ठसका येईल, आणि पहिल्यांदाच सिगारेट ओठांना लावणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ती संपवणे जड जाईल. मला तेच हवे आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा