'रद्द करा' बटण सापडत का नाही? डार्क पॅटर्नमागचं साधं गणित

सबस्क्रिप्शन घ्यायला एक टॅप लागतो. तेच बंद करायचं म्हटलं की आधी सेटिंग्ज, मग अकाउंट, मग प्लॅन, मग 'तुम्ही खरंच जाताय?', मग 'थांबा, ५० टक्के सूट घ्या'. यावर मित्रमंडळींत बोलणं निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, तूच नीट वाचलं नाहीस." मला हे पटत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ॲपच्या स्क्रीन बनवणं हे माझं रोजचं काम आहे. मोठ्या ॲपच्या पेमेंट स्क्रीनवर बटण कुठे आहे, केवढं आहे, कुठल्या रंगाचं आहे, हे सहसा आपोआप झालेलं नसतं. त्यावर मीटिंग झालेली असते.

अशा फसव्या मांडणीला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. हे नाव हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये दिलं.

यामागे कुणी खलनायक बसलेला असतो असंही नाही. ए/बी टेस्ट नावाचा प्रकार असतो. अर्ध्या लोकांना स्क्रीनचा एक नमुना दाखवायचा, उरलेल्यांना दुसरा, आणि ज्यातून जास्त पैसे येतात तो ठेवायचा. समजा दहा लाख लोकांच्या कार्टमध्ये ४९ रुपयांचं काहीतरी आधीच टिक करून ठेवलं आणि शंभरातल्या फक्त दोघांनी ते न बघता पैसे भरले. झाले ९ लाख ८० हजार रुपये. ते वीस हजार लोक चिडले का, हे या टेस्टच्या आकड्यात दिसत नाही. ४९ रुपयांसाठी कस्टमर केअरशी भांडत कोण बसणार? सगळा खेळ त्या 'कोण बसणार'वर चालतो.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला. प्राइम घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम अवघड केलंय, असा आरोप होता. कमिशनच्या म्हणण्यानुसार, प्राइम रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीच्या आत 'इलियड' म्हणायचे. इलियड म्हणजे ट्रॉयच्या लांबलचक युद्धावरचं होमरचं महाकाव्य! सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने चूक मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यातले एक अब्ज दंडाचे आणि दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे. तिथल्या कोट्यवधी लोकांना 'तुम्हीच नीट वाचलं नाही' असं सांगून प्रकरण मिटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात १३ प्रकार नावानिशी दिले. 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई त्यात आहे, न विचारता कार्टमध्ये वस्तू सरकवणं आहे, शेवटच्या स्क्रीनवर किंमत वाढवणं आहे. लाज वाटायला लावणंसुद्धा आहे. विमानाच्या तिकिटावर विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' असं बटण दाबायला लावणं, हे उदाहरण खुद्द सरकारी कागदातलं आहे.

पण अंमलबजावणीचं काय? जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. नोव्हेंबरमध्ये २६ कंपन्यांनी 'आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत' अशी पत्रं दिली. परीक्षा आपणच द्यायची, पेपरही आपणच तपासायचा. मला यात फार दम वाटत नाही. बाहेरच्या माणसाने ॲप उघडून तपासलं तर त्याला काही अर्थ.

अर्थात पैसे मागणं म्हणजे डार्क पॅटर्न नव्हे. झोमॅटो आणि स्विगीने २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू केलेली प्लॅटफॉर्म फी पुढे कितीतरी पट वाढली. तिचा मला राग येतो, पण ती बिलात लिहिलेली असते. माझी कसोटी साधी आहे: ग्राहकाला सगळं स्वच्छ कळलं तर कंपनीचं नुकसान होणार आहे का? होणार असेल तर गडबड आहे.

आता सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार, '१ रुपयात ट्रायल'. इथे कंपनीला तुमचा रुपया नको असतो, तिला ऑटोपेची परवानगी हवी असते. यूपीआय पिन टाकताना तुम्ही रुपया भरत नसता, तर पुढच्या कापणीवर सही करत असता. त्या स्क्रीनवर रुपयाच्या जवळपास कुठेतरी जास्तीत जास्त किती रक्कम, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असतं. खरा व्यवहार तो. नंतर साधारण १५ हजार रुपयांपर्यंतच्या कापणीला पुन्हा पिन विचारत नाहीत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती येतेही. फक्त ती लोनच्या आणि ऑफरच्या मेसेजच्या ढिगात पडते.

आणि ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, हा समज डोक्यातून काढून टाका. परवानगी बँकेकडे असते, फोनमधल्या आयकॉनकडे नाही. चांगली गोष्ट ही की ती काढायला त्या कंपनीच्या चक्रव्यूहात शिरावं लागत नाही. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे सगळ्या परवानग्यांची यादी दिसते आणि तिथूनच रद्द करता येते. गुगल प्लेवरून घेतलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स बघा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप केलं की सबस्क्रिप्शन्स सापडतं. आईबाबांचा फोनही एकदा बघा, तिथली यादी बऱ्याचदा जास्त मजेशीर निघते.

पैसे गेलेच असतील तर आधी स्क्रीनशॉट काढा. ॲप अपडेट झालं की तीच स्क्रीन पुन्हा दिसेल याचा भरवसा नसतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार मराठीत करता येते आणि ती ४९ रुपयांची असली तरी चालते.