पंचनाम्यात हरलेली केस आयोगात जिंकता येत नाही

सोयाबीन उगवलं नाही की शेतकरी दोन ठिकाणी जातो. आधी दुकानदाराकडे, मग कृषी कार्यालयात. तिसरं एक ठिकाण आहे, तिकडे तो सहसा फिरकतच नाही. ते म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. कारण ग्राहक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फ्रीज, मोबाईल, विमा, फ्लॅट घेणारा शहरातला माणूस येतो. बांधावरचा माणूस येत नाही. त्याला स्वतःलाही तसं वाटत नाही.

पोस्ट लांब आहे. पण घरात कुणी शेती करत असेल तर पेरणीच्या आधी वाचून ठेवा, नंतर उपयोग नाही. का ते पुढे कळेलच.

आधी साधा हिशोब मांडू. एकरी साधारण ३० किलो बियाणं लागतं, म्हणजे तीन-चार हजार रुपये. ते उगवलं नाही तर दुकानदार काय म्हणतो? "दादा, बॅग बदलून देतो, कशाला भानगडीत पडता?" आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. आता दुसरी बाजू बघा. एकरी ७ क्विंटल उतारा धरला आणि २०२५-२६ चा ५,३२८ रुपये हमीभाव लावला, तर एका एकराचं पीक ३७,२९६ रुपयांचं होतं. दुबार पेरणी केली तर सगळंच जातं असं नाही, काहीतरी हाताला लागतं. पण नांगरणी-वखरणी झालेली, खत गेलेलं, पेरणीची मजुरी गेलेली, पंधरा-वीस दिवस गेलेले आणि पुढचा पाऊस कसा पडेल याची खात्री नाही. आणि या सगळ्याची भरपाई काय, तर एक नवी बॅग.

आता सरकारी कायदा काय करतो ते बघा. बियाणे कायदा १९६६ चा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड आहे ५०० रुपये. होय, पाचशे. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा दंड सरकारजमा होतो. ज्याचं रान रिकामं राहिलं त्याला भरपाई देण्याची सोयच त्या कायद्यात नाही.

ती सोय आहे ग्राहक संरक्षण कायद्यात.

इथे कंपन्यांचे वकील नेहमी काही मुद्दे मांडायचे. शेतकरी हा ग्राहकच नाही, तो धंद्यासाठी बियाणं घेतो. बियाण्यांसाठी वेगळा कायदा आहे, तिकडे जा. आणि बियाणं सदोष होतं म्हणता, तर प्रयोगशाळेचा अहवाल दाखवा. हे सगळे मुद्दे नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्याच महामंडळाने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते. समोर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले शेतकरी होते. १६ जानेवारी २०१२ रोजी निकाल लागला आणि महामंडळ हरलं. न्यायालयाने सांगितलं की शेतकरी ग्राहकच आहे. बियाणे कायद्यात भरपाई नाही, म्हणून ग्राहक कायद्याचा रस्ता त्याला खुला आहे. आणि प्रयोगशाळेचं म्हणाल, तर शेतकऱ्याने आणलेलं बियाणं पेरून टाकलेलं असतं. पुढे कधीतरी खटला होईल म्हणून तो थोडं बाजूला काढून ठेवेल, अशी अपेक्षा करणंच चूक.

आजच्या २०१९ च्या कायद्यातही हे टिकून आहे. स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही 'व्यापारी कारणासाठी' घेतलेली मानली जात नाही. रिक्षावाल्याची रिक्षा, गिरणीवाल्याची गिरणी, शेतकऱ्याचं बियाणं, सगळं यात बसतं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण २००५ च्या दुसऱ्या एका निकालात दिसते. हरियाणाच्या बियाणे महामंडळाची केस होती. तिथे सर्वोच्च न्यायालयात शेतकरी हरला. कारण पीक नीट न येण्यामागे बियाणं हे एकच कारण नसतं. पाणी खारं असेल, जमिनीत ओल नसेल, मध्येच पावसाने ताण दिला असेल, पेरणीची पद्धत चुकली असेल. दोष बियाण्याचाच होता, हे पुराव्यातून पुढे आलं नाही.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. पहिला सांगतो की दार उघडं आहे. दुसरा सांगतो की आत येताना हातात काय पाहिजे. प्रयोगशाळेचा अहवाल नसला तरी चालेल, पण 'दोष बियाण्याचाच' हे दाखवणारा काहीतरी भक्कम कागद लागेल. आपल्याकडे तो कागद म्हणजे पंचनामा. आणि तो शेतकरी लिहीत नाही, सरकार लिहितं.

आपल्याकडे तालुका पातळीवर बियाणे तक्रार निवारण समिती असते. उपविभागीय कृषी अधिकारी अध्यक्ष, सोबत तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचे कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे प्रतिनिधी वगैरे. या समितीने शेतात यायचं, पाहणी करायची, निष्कर्ष लिहायचा. कागदावर व्यवस्था चांगलीच आहे. खोट तिच्या अंमलबजावणीत आहे. एक तर समिती येते तेव्हा शेतकऱ्याने वाट बघून दुबार पेरणी उरकलेली असते, मग बघणार काय? आणि वेळेत आली तरी पंचनाम्यात एक गुळमुळीत वाक्य येतं: 'उगवण कमी आढळून आली.' का कमी आढळली? त्याबद्दल अक्षर नाही.

कंपनीच्या वकिलाला तेवढं पुरतं. तो उभा राहतो आणि म्हणतो, उगवण कमी होती हे मान्य, पण बियाणं खराब होतं असं यात कुठे लिहिलंय? वापसा नसताना पेरलं असेल, खोल पडलं असेल. शिवाय आम्हाला पाहणीची नोटीसच नव्हती. झालं. दोन वर्षांनी आयोगात या प्रश्नाचं उत्तर कुठून आणणार? रानात तेव्हा तिसरंच पीक उभं असतं.

म्हणून म्हणतो, बियाण्याची केस आयोगात लढली जाते, पण तिचा निकाल पेरणीनंतरच्या दहा-बारा दिवसांत बांधावरच लागून गेलेला असतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. न उगवलेलं प्रत्येक सोयाबीन कंपनीचं पाप नसतं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोती आपटली, उंचावरून फेकली तरी उगवण घटते. एका पावसावर घाईने पेरणी होते. ट्रॅक्टरच्या पेरणीत बी खोल जातं. हे सगळं होतं आणि शेतकऱ्यालाही ते माहीत असतं. नेमकं म्हणूनच पंचनामा स्पष्ट पाहिजे. कारण लिहिलं तर कधी ते शेतकऱ्याच्या विरुद्धही जाईल, जाऊ दे. पण आज कारणच लिहिलं जात नाही आणि त्या मोकळ्या जागेचा फायदा दरवेळी एकाच बाजूला मिळतो.

आणि कारण शोधायला फार मोठं विज्ञान लागत नाही. शेजारच्या रानात त्याच दिवशी, त्याच तिफणीने दुसरं बियाणं पेरलं असेल आणि ते उगवलं असेल, तर ओल आणि खोली हे मुद्दे बऱ्यापैकी निकालात निघतात. त्याच लॉटचं बियाणं गावातल्या पाच जणांच्या पाच वेगवेगळ्या रानांत फसलं असेल, तर पाचही जण एकदम चुकले असं कोण म्हणेल? हे फक्त बघायचं आणि लिहायचं आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो.

१) पक्की पावती घ्या. उधारीवर घेतलं तरी घ्या. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार रोख असो की उधार, पावती देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. तिच्यावर वाण आणि लॉट नंबर आहे ना बघा. कोऱ्या चिठ्ठीवर 'सोया २ बॅग' असं लिहिलेलं चालणार नाही.

२) पिशवी, टॅग आणि लेबल फेकू नका. पिशवी खालच्या बाजूने फोडा, वरचा टॅग शाबूत राहू द्या. प्रत्येक लॉटचं मूठ-दोन मूठ बियाणं त्याच पिशवीत ठेवा. कायद्याने ही सक्ती नाही, पण असलं तर केस भक्कम होते.

३) पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाच-सात दिवसांनी मोजा. सोयाबीनची किमान उगवणशक्ती ७० टक्के असायला हवी. रोजच्या रोज फोटो काढा. कमी भरलं तर पेरूच नका, बॅग घेऊन दुकानात जा.

४) पेरून उगवलं नाही तर त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात लिहा की पाहणीची नोटीस कंपनीला आणि विक्रेत्यालाही द्यावी. तुम्ही स्वतःही त्या दोघांना स्पीड पोस्टाने कळवा. मग 'आम्हाला माहीतच नव्हतं' ही पळवाट बंद होते.

५) पाहणीच्या वेळी हजर राहा. शेजारचं रान दाखवा, पावसाची नोंद दाखवा. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. कारण लिहिलं नसेल तर सहीच्या वर तुमच्या हाताने लिहा, 'कारण नमूद केलेले नाही, ते नमूद करावे ही विनंती.' प्रत मागून घ्या.

६) समिती यायच्या आत दुबार पेरणी करावीच लागली, तर एक पट्टा तसाच सोडा आणि बाकी रानाचे फोटो-व्हिडिओ काढून ठेवा.

यानंतर आयोग. लोक समजतात तेवढं ते अवघड नाही. कुठल्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. आणि किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. म्हणजे चार हजारांच्या बियाण्यासाठी पिकाची पूर्ण नुकसानभरपाई मागा, फी लागत नाही. कंपनी हैदराबादची असो की इंदूरची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. मुदत दोन वर्षांची. अडलं तर १९१५ वर फोन करा. एकाच लॉटचे दहा शेतकरी असाल तर आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करा. दहा रानांचा पुरावा एका रानापेक्षा कितीतरी जड असतो.

समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बजावलं आहे. निकाल विरुद्ध गेला आणि कंपनीला अपील करायचं असलं, तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात वर्षं जातात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण हातात कारणासकट पंचनामा असेल तर कंपनी आधीच तडजोडीला येण्याची शक्यता किती वाढते, विचार करा.

"दुकानदार गावातला, वर्षाचं खातं त्याच्याकडे, त्याच्यावर केस कशी करू?" हा प्रश्न मला खरा वाटतो. तो खतही देतो, औषधही देतो, अडीअडचणीला थांबतोही. पण बियाणं त्याने तयार केलेलं नाही. पक्षकार दोघांनाही करायचं, मात्र मागणी मुख्यतः उत्पादकावर ठेवायची. सीलबंद पिशवी आली तशी विकली असं तो दुकानदार सांगत असेल, तर सांगू दे. उलट त्याची साक्ष तुमच्याच उपयोगी पडेल.

आता मुख्य मागणी. २०२० च्या खरिपात मराठवाड्या-विदर्भातून उगवणीच्या हजारो तक्रारी आल्या, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला बातम्यांवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. २०२३ मध्ये राज्य सरकारने बोगस बियाणं-खतांविरुद्ध नवी विधेयकं आणली, विक्रेत्यांनी विरोधात दुकानं बंद ठेवली. नवा कायदा व्हायचा तेव्हा होईल. त्याच्या आधी जे एका परिपत्रकाने होऊ शकतं ते करा. पाहणीची मुदत दुबार पेरणीच्या आतली ठेवा आणि ती चुकली तर अधिकाऱ्याला जबाबदार धरा. पंचनाम्याच्या नमुन्यात 'उगवण कमी असण्याचे कारण' हा रकाना सक्तीचा करा. शेजारचं रान आणि त्याच लॉटची इतर रानं यांची नोंद त्यात असू द्या. त्या लॉटचा दुकानात उरलेला माल असेल तर त्याच दिवशी नमुना सील करा. आणि पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याला बांधावरच द्या, कार्यालयात चार हेलपाटे मारायला लावून नको.

यात सरकारच्या तिजोरीतून भरपाईचा एक रुपया जात नाही. भरपाई ज्याच्या मालात दोष आहे तो देईल. सरकारने फक्त डोळ्यांनी दिसलं ते कागदावर लिहायचं आहे.

तुमच्या तालुक्यात समिती किती दिवसांनी येते, पंचनाम्यात काय लिहिते, कमेंटमध्ये सांगा. ही पोस्ट गावच्या ग्रुपवर टाका, नाव काढून टाकलीत तरी हरकत नाही. पण मृगाच्या आधी टाका.