न पेरलेल्या शेताचे भाडे

शेत पिकवणाऱ्यास सरकारने साहाय्य द्यावे, हे आपल्या परिचयाचे आहे. शेत न पिकवण्यासाठी सरकारने दरवर्षी भाडे द्यावे, ही कल्पना मात्र व्यापारी मनाला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेच्या ग्रामीण भागात हा व्यवहार १९८५ पासून चालू आहे.

१९३० च्या दशकात तेथील मैदानी प्रदेशात नांगरटीने उघडी पडलेली माती दुष्काळात वाऱ्याबरोबर उडून गेली. तरीही १९७० च्या दशकात निर्यात वाढताच हलक्या व उताराच्या जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. पुढे भाव कोसळले. धान्याचा साठा वाढता आणि माती घटती, अशा दुहेरी पेचातून १९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘संवर्धन राखीव कार्यक्रम’ आला. जमीनमालकाने धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली वा झाडांखाली ठेवावी. सरकारने वार्षिक भाडे द्यावे व लागवडीच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत भार उचलावा, असा हा करार. तो मध्येच मोडल्यास घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते.

कर्जप्रस्ताव तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो कोणत्याही करारात एक गोष्ट प्रथम पाहतो: सही नसलेल्या माणसावर त्याचा काय परिणाम होईल? येथे सह्या दोनच, सरकारची आणि मालकाची. परंतु शेत पडीक राहिले की कूळ काम गमावते. बियाणे, खते आणि अवजारे विकणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक घटते. मालक दूरच्या शहरात राहत असेल, तर भाड्याचा पैसाही गावात खर्च होत नाही.

कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते. कोणत्याही काउंटीतील, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातील, २५ टक्क्यांहून अधिक लागवडीची जमीन सामान्यतः अशा करारांत घेऊ नये, असे बंधन त्यांनी घातले. कुळांच्या हितरक्षणाची तरतूदही केली. सरकारी योजनेत बाजारपेठेतल्या छोट्या दुकानाची आठवण ठेवली गेली, हे आपण व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि आणखी एक पक्ष सहीविना राहतो, तो म्हणजे माती. २००७ मध्ये या योजनेखाली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. त्याच सुमारास मक्यापासून इथेनॉल करण्याची मागणी वाढून धान्याचे भाव चढले. मुदत संपलेले अनेक करार मालकांनी पुन्हा केले नाहीत, आणि वर्षानुवर्षे सरकारी पैशाने राखलेले गवत नांगरले गेले. यात मालकांनी काही गैर केले नाही. करार संपला होता आणि बाजार अधिक देत होता. दोष असेल तर तो अपेक्षेचा आहे. भाड्याने घेतलेला संयम भाडे परवडेल तोवरच टिकतो.

म्हणून अनुदान व्यर्थ, असे मी म्हणणार नाही. त्या वर्षांत माती टिकली, पक्ष्यांना आसरा मिळाला, ओढ्यांत गाळ कमी गेला. पण अशा योजनेचा ताळेबंद मांडताना किती रक्कम वाटली एवढेच पाहू नये. मुदत संपल्यावर किती गवत उभे राहिले आणि गावातली किती दुकाने उघडी राहिली, हेही त्यात मांडले पाहिजे.