मावशी, मेसेज पोचला का?

गेल्या रविवारी माझ्या आतेभावाच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सॉल्लिड राडा झाला. विषय प्रॉपर्टीचा नव्हता, राजकारणाचाही नव्हता. सर्व्हरचा कोड जावात लिहायचा की एलिक्सिरमध्ये, एवढ्यावरून दादा आणि त्याचा पार्टनर एकमेकांवर खेकसत होते. मी आपली वहिनीच्या हातच्या पोह्यांच्या आशेने गेले होते!

थोडी बॅकग्राउंड सांगते. वहिनीचे वडील सांगलीला असतात. त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून दिवसभर एक मावशी त्यांच्याजवळ थांबतात. गोळी दिली, बीपी घेतलं, ताप आला… हे सगळं मुलांना वेळच्या वेळी कळावं म्हणून दादाने नोकरी सोडून एक मेसेजिंग ॲप करायला घेतलं. पुढे-मागे ते आया पुरवणाऱ्या ब्युरोंना विकायचं, असा प्लॅन. सध्या घर वहिनीच्या पगारावर चालतंय आणि ॲप तिच्या सेव्हिंगवर. 'अगं, पण व्हॉट्सअ‍ॅप आहे की!' असं मी म्हणाले होते. त्यावर वहिनीने फॅमिली ग्रुप उघडून दाखवला. मावशींचा 'ताप 101' दोन गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडला गेला होता. मी गप्प.

तर राडा. पार्टनरचं म्हणणं असं की मेसेजिंग म्हटलं की अर्लांग, किंवा तिच्याच इंजिनावर चालणारी एलिक्सिर. मुद्दा पोकळ नव्हता. अर्लांग ही एरिक्सनने 1980 च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली भाषा. लाखो कनेक्शन्स एकाच वेळी, प्रत्येकाची प्रोसेस वेगळी, एक कोसळली तरी बाकीच्यांना धक्का नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर याच भाषेत उभा राहिला. 2012 मध्ये त्यांनी एका मशीनवर 20 लाखांहून जास्त कनेक्शन्स पेलून दाखवली. 2014 मध्ये फेसबुकने 19 अब्ज डॉलर्सना कंपनी घेतली, तेव्हा 45 कोटी युजर्स होते आणि इंजिनिअर्स अवघे 32!

'बघ, बत्तीस!' पार्टनर म्हणाला.

'आपण दोघं आहोत,' दादा म्हणाला. 'त्यातल्या मला एलिक्सिर येत नाही, आणि तू तीन व्हिडिओ बघितलेत.'

मी इतिहासाची स्टुडंट नाही आणि गणिताचीही नाही, पण एक हिशेब मी केला. पहिल्या वर्षी किती मावश्या? फार तर 300. एका मावशीचे दिवसाला 20 मेसेज धरले तर झाले 6000. म्हणजे मिनिटाला साधारण चार. चार! एवढं तर सोसायटीचा वॉचमन रजिस्टरमध्ये लिहून काढेल. पार्टनर माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मी त्याच्या लग्नात आहेर परत केला.

तेवढ्यात वहिनी पोह्यांच्या प्लेट्स घेऊन बाहेर आली. 'मंगळवारचं काय झालं ते आधी सांगा,' ती म्हणाली. दोघंही एकदम गप्प.

मंगळवारी मावशींनी दुपारी 'ताप 102' असा मेसेज केला होता. तो वहिनीला मिळाला संध्याकाळी, मावशींनी ॲप पुन्हा उघडल्यावर. सकाळचा घोळ वेगळाच. 'रक्तदाबाची गोळी दिली' हा मेसेज दोनदा आला. दोनदा मेसेज म्हणजे दोनदा गोळी? वहिनी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सांगलीला फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता.

दादाने मग कागदावर काढून दाखवलं. मावशींनी 'पाठवा' दाबलं तेव्हा नेटवर्क नव्हतं. मेसेज नुसता मेमरीत होता, कुठे लिहून ठेवलेलाच नव्हता. स्वस्तातला अँड्रॉइड फोन, बॅटरी वाचवण्यासाठी त्याने ॲप झोपवलं. मेसेज तिथेच अडकला. गोळीचा घोळ म्हणजे, मेसेज सर्व्हरला पोचला होता, पण 'पोचला' ही पावती वाटेत हरवली. म्हणून फोनने इमानदारीत परत पाठवला.

म्हणजे बघा, तासभर ज्या भाषेवरून भांडण चाललं होतं, तिचा याच्याशी काही संबंधच नव्हता! अर्लांगमध्ये लिहा नाहीतर जावात, मेसेज आधी फोनच्या डेटाबेसमध्ये लिहायचा आणि मग पाठवायचा. प्रत्येकाला फोनवरच स्वतःचा नंबर द्यायचा, म्हणजे तोच पुन्हा आला तर सर्व्हर ओळखेल. आणि पावती येईपर्यंत तो खोडायचा नाही. पोस्टातल्या रजिस्टर एडीचा फंडा. मला वाटतं, भाषेवर भांडणं सोपं असतं, कारण त्यात कुणाची चूक नसते.

निर्णय मग अर्ध्या तासात झाला. मावशींचं ॲप कोटलिनमध्ये, कारण फोनच्या झोपेशी जमवून घ्यायला गुगलच्या तयार लायब्ररीज थेट वापरता येतात. मेसेज साठवायला रूम, म्हणजे आतून एसक्यूलाइटच. नेटवर्क आलं की राहिलेलं पाठवायला वर्कमॅनेजर. नातेवाइकांकडे आयफोनही असतात, त्यांचं ॲप नंतर फ्लटरमध्ये, एकाच कोडवर दोन्ही. सर्व्हर जावात, कारण वहिनीने विचारलं, 'रात्री दोनला बंद पडला तर उठून दुरुस्त कोण करणार?' दादाने हात वर केला. पार्टनरने नाही केला. (त्याच्या लॅपटॉपवर एलिक्सिरचं स्टिकर मात्र आहे.)

एका गोष्टीचं घोडं अजून अडलंय. आजाराची माहिती, म्हणजे एन्क्रिप्शन पक्कं हवं, आणि ते घरी बनवायचं नसतं. सिग्नलवाल्यांची लायब्ररी उत्तम, पण तिचं लायसन्स एजीपीएल. ती वापरून ॲप वाटलं तर आपलाही सोर्स कोड खुला करावा लागतो. पार्टनरला ते नको. वहिनीचं म्हणणं, 'ब्युरो कोडचे पैसे देणार की सर्व्हिसचे?' मी वहिनीच्या बाजूची आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही.

काल नवीन बिल्डची टेस्ट झाली. मावशींना सांगितलं, मोबाइल डेटा बंद करा, मेसेज पाठवा, ॲप बंद करा, दहा मिनिटांनी डेटा चालू करा. आम्ही कोथरूडला वहिनीच्या फोनकडे टक लावून बसलो. साडेअकराव्या मिनिटाला टुंग! 'जेवण झालं. अर्धी भाकरी.' एकदाच.

दादा टाळ्या वाजवत होता तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. सांगलीहून मावशी.

'ताई, मेसेज पोचला काय ओ?'