बर्फावर पकड रुंदीने नव्हे, खिळ्यांनी

हिवाळ्यात सायकलला रुंद टायर लावले की काम भागते, हे मागील अंकातील पत्रात मांडलेले मत अपुरे आहे. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर उपयोगी पडतात. गुळगुळीत, गोठलेल्या थरावर मात्र नुसते रबर घसरतेच. तिथे टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले टायर लागतात. एकच टायर घेणे शक्य असेल, तर तो पुढे लावावा. मागचे चाक घसरले तर तोल सावरता येतो. पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही.

टायरइतकेच महत्त्व बाकीच्या तयारीला आहे. उदाहरण फिनलंडमधील ओउलू शहराचे घ्या; तिथे 2013 साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या शहरात डिसेंबरअखेर दिवस चार तासांहूनही लहान असतो, म्हणून पुढचा-मागचा दिवा अत्यावश्यक. थंडीत बॅटरीची क्षमता घटते. त्यामुळे ती काढून घरात ठेवावी.

रस्त्यावर मीठ टाकले जाते, तिथे साखळी लवकर गंजते. ती वरचेवर पुसून तेल द्यावे आणि दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड लावावेत. रिमवर बर्फ साचला की रबरी ब्रेक नीट धरत नाहीत. डिस्क किंवा हबमधील ब्रेक अधिक भरवशाचे. केबलमध्ये शिरलेले पाणी गोठून ब्रेक अडकतो, म्हणून हिवाळ्यापूर्वीच केबल बदलाव्यात.